पांडा की जर्मन झाडं?

निसर्गचित्रांची सोन्याची नाणी जमवायची ठरली की अनेकांचा हात आधी कॅनडाच्या मेपल लीफकडे जातो. पण तिथे वर्षानुवर्षं पान तेच. सोनं साठवायला उत्तम, जमवायला कंटाळवाणं. चित्र बदलत राहावं आणि खिशालाही झेपावं, असं हवं असेल तर माझ्या मते निवड दोघांत आहे: चीनचा एक दशांश औंसाचा पांडा आणि जर्मनीचं एक अष्टमांश औंसाचं 20 युरोचं नाणं. मी दोन्ही घेतली आहेत.

देखणेपणात पांडा पुढे, यात वाद नाही. काळा-पांढरा प्राणी एकरंगी सोन्यात उभा करायचा, तोही नुसत्या चकाकी आणि खरखरीच्या खेळातून, ही कमालच आहे. 1982 पासून जवळपास दरवर्षी नवं चित्र आलंय. 2002 मध्ये मात्र आदल्या वर्षीचंच चित्र पुन्हा वापरलं आणि संग्राहक इतके नाराज झाले की पुढच्या वर्षी बदल परत आला.

माझं बिनसलं ते पिशवीवरून. जुने पांडा टांकसाळीतूनच प्लास्टिकमध्ये सीलबंद येत. ती पिशवी फोडली की विकताना भाव पडतो. न फोडावी, तर नाणं नीट वजन करता येत नाही. आणि पांडाची बनावट नाणी बाजारात इतकी आहेत की काट्यावर ठेवल्याशिवाय मला चैन पडत नाही. एकदा मी कात्री चालवलीच. वजन चोख भरलं, 3.11 ग्रॅम. मग ते विकायला नेलं, तर व्यापाऱ्याने नाण्याआधी पिशवीच विचारली! शिवाय 2016 पासून वजनं ग्रॅममध्ये गेली, त्यामुळे त्यानंतरचं छोटं नाणं 3 ग्रॅमचं. तेव्हा कोणत्या सालाचा पांडा हातात आहे हे आधी पाहायचं, मगच काट्याकडे वळायचं.

जर्मन नाण्यांची चित्रं शांत आहेत, काहींना ती वनस्पतिशास्त्राच्या वहीतली वाटतील. 2010 ते 2015 झाडं: ओक, बीच, स्प्रूस, पाइन, चेस्टनट, लिंडन. 2016 ते 2021 पक्षी, त्यांत आपल्या हळद्याचा युरोपीय भाऊबंद, बहिरी ससाणा आणि काळा सुतारही. सहा-सहाच्या दोन माळा, आणि दोन्ही पूर्ण झालेल्या. माझी नाणी साध्या कॅप्सूलमध्ये आली. उघडा, वजन करा, पुन्हा ठेवा, कुणी काही विचारत नाही. एक इशारा मात्र देतो: तेच चित्र पाच टांकसाळी पाडतात, A, D, F, G आणि J अशा खुणांनी. त्या नादी लागलात तर सहाची तीस होतात. मी लागलो नाही. अजून तरी.

लवकर विकायची वेळ येणार असेल तर पांडाला गिऱ्हाईक जास्त मिळेल, हे कबूल करायला हवं. पण संध्याकाळी डबा उघडून नाणं बोटांत धरून पाहायची हौस असेल, तर लिंडनपासून सुरुवात करा. माझ्याकडे उरलेले चार पांडा मी अजून प्लास्टिकमधूनच पाहतो.