क्लाउडच्या तुलनेचा तक्ता आणि आमचे साडेसहा लाख रुपये

व्यवसायासाठी कोणता क्लाउड प्लॅटफॉर्म (इंटरनेटवरून भाड्याने मिळणारे सर्व्हर) घ्यावा याची तुलना करून देतो असे सांगून एका सल्लागाराने आमच्या कंपनीची फसवणूक केली. तोच तक्ता केवळ आकडे बदलून आमच्या औद्योगिक वसाहतीतील इतर कारखानदारांकडेही पोहोचल्याचे अलीकडे कळले, म्हणून हा अनुभव तपशिलात लिहीत आहे. प्रकरण सध्या मध्यस्थीसमोर असल्याने सल्लागाराचे नाव देत नाही. त्याने आम्हांला ज्या प्लॅटफॉर्मवर नेले त्याचेही नाव देत नाही, कारण त्या कंपनीकडे यात कोणताही दोष जात नाही आणि हाच प्रकार ॲमेझॉन, मायक्रोसॉफ्ट किंवा गूगल यांपैकी कोणाचेही नाव पुढे करून करता येण्यासारखा आहे.

आमचा कारखाना कोल्हापूरजवळ शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत आहे आणि तेथे कास्टिंगचे मशीनिंग होते. हिशेबाचे कार्यालय शहरात, म्हणजे पंचगंगेच्या पलीकडे आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये पुराचे पाणी महामार्गावर आले आणि शिरोलीजवळ वाहतूक बंद झाली. दोन्ही वेळा कारखान्यातील सर्व्हर कोरडा राहिला, पण वीज नव्हती आणि तेथवर कोणी पोहोचूही शकत नव्हते. त्यामुळे तयार मालाची बिलेसुद्धा निघेनात. ईआरपी (उत्पादन, साठा आणि बिले सांभाळणारे सॉफ्टवेअर) आणि हिशेबाचे टॅली क्लाउडवर न्यावे हा निर्णय त्यातून झाला आणि तो निर्णय योग्यच होता असे मला आजही वाटते.

सल्लागार आमच्याकडे ओळखीतून आला. आपला कोणत्याही क्लाउड कंपनीशी व्यावसायिक संबंध नाही, आपण केवळ तुलना करतो आणि त्याची फी घेतो, असे त्याने संचालक मंडळाच्या बैठकीत सांगितले आणि ईमेलमध्ये लिहूनही दिले. हे वाक्य पुढे फार महत्त्वाचे ठरले. त्याच्या अहवालात तीन रकान्यांचा एक तक्ता होता: ॲमेझॉन वेब सर्व्हिसेस, मायक्रोसॉफ्ट अझ्युर आणि गूगल क्लाउड. प्रत्येक रकान्यात दोन व्हीसीपीयू (क्लाउडवरील प्रोसेसरचे एकक) आणि आठ जीबी रॅमचे एक यंत्र (म्हणजे भाड्याचा सर्व्हर), डेटाबेससाठी आणखी एक मोठे यंत्र, डिस्क आणि शेवटी तीन वर्षांचा एकूण खर्च. त्यांतील एका रकान्याचा खर्च इतर दोघांच्या निम्म्याहून कमी दिसत होता. तीन वर्षांचे पैसे एकदम भरल्यास हा दर मिळेल, आणि आमच्यासारख्या छोट्या कंपनीला थेट व्यवहार अवघड जातो म्हणून रक्कम त्याच्या संस्थेमार्फत भरावी, असे त्याने सांगितले. करासह साडेसहा लाख रुपये आम्ही त्याच्या संस्थेला दिले.

या तक्त्यातील लबाडी पुढे माझ्या सहसंचालकांच्या भाचीने उलगडून दाखवली. ती पुण्यात हिंजवडीला याच क्षेत्रात काम करते. सल्लागाराच्या कार्यालयातून अहवालासोबत तक्त्याची मूळ एक्सेल फाइलही आली होती आणि तिच्यात एक रकाना लपवलेला होता. तो उघडल्यावर ती म्हणाली, “मामा, यात तुलना नाहीच. तीन वेगवेगळ्या वस्तूंच्या किमती शेजारी शेजारी लिहिल्या आहेत.” त्या लपवलेल्या रकान्यात प्रत्येक किमतीची अट नोंदवलेली होती. सुचवलेल्या प्लॅटफॉर्मचा दर तीन वर्षांच्या करारावर सर्व रक्कम आगाऊ भरल्यासचा होता. इतर दोघांचे दर मात्र कोणत्याही कराराविना, तासागणिक वापरावर आकारले जाणारे होते. एका दुकानाचा घाऊक भाव आणि दुसऱ्याचा किरकोळ भाव मांडून पहिले दुकान स्वस्त ठरवावे, तसे हे होते. वास्तविक एक किंवा तीन वर्षांच्या बांधिलकीवर तिन्ही कंपन्या सवलत देतात. ॲमेझॉन आणि मायक्रोसॉफ्ट दोघेही आपल्या आरक्षणाच्या, म्हणजे यंत्र ठरावीक मुदतीसाठी आधीच बांधून घेण्याच्या, योजनांत ही सवलत ७२ टक्क्यांपर्यंत जाऊ शकते असे जाहीर करतात. गूगल तर काही मालिकांतील यंत्रे महिनाभर चालू राहिल्यास कराराविनाही आपोआप काही सूट देते. म्हणजे निम्म्या खर्चाचा तो चमत्कार अटींच्या फरकातून निर्माण केलेला होता.

दुसरी गोष्ट यंत्राच्या जातीची, आणि माझ्या मते सामान्य व्यावसायिकाच्या नजरेतून निसटणारी ही सर्वांत मोठी बाब आहे. दोन व्हीसीपीयू आणि आठ जीबी रॅम असे लिहिले की यंत्रे सारखीच वाटतात. परंतु तिन्ही कंपन्यांकडे स्वस्त यंत्रांचा एक वर्ग असतो, ज्यात प्रोसेसरची पूर्ण ताकद सतत मिळत नाही. ॲमेझॉनची टी मालिका, अझ्युरची बी मालिका आणि गूगलच्या ई२ मालिकेतील सामायिक प्रोसेसरची छोटी यंत्रे ही त्याची उदाहरणे आहेत. ॲमेझॉनच्या टी३ मालिकेतील लार्ज यंत्र घेतले तर प्रत्येक व्हीसीपीयूमागे हक्काची क्षमता ३० टक्के असते. काम कमी असताना न वापरलेल्या क्षमतेचे क्रेडिट साठते, काम वाढले की ते खर्च होते, आणि साठा संपल्यावर यंत्र मंदावते किंवा जादा पैसे आकारले जातात. संकेतस्थळ किंवा चाचणीचे काम असेल तर ही यंत्रे उत्तम असतात. दिवसभर चालणाऱ्या ईआरपीच्या डेटाबेसला ती पुरत नाहीत. आमच्या तक्त्यात सुचवलेल्या रकान्यात या वर्गातील यंत्र होते आणि इतर दोन रकान्यांत पूर्ण क्षमतेची यंत्रे होती.

तिसरी बाब जागेची. सुचवलेल्या प्लॅटफॉर्मचे दर अमेरिकेतील व्हर्जिनियाच्या डेटा केंद्राचे (जेथे सर्व्हर प्रत्यक्ष ठेवलेले असतात) होते आणि इतर दोघांचे भारतातील केंद्रांचे. भारतात केंद्रे नाहीत असे मुळीच नाही. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये पुणे, मुंबई आणि चेन्नई येथे, ॲमेझॉनने २०१६ मध्ये मुंबईत आणि गूगलने २०१७ मध्ये मुंबईत आपली केंद्रे सुरू केली. पुढे ॲमेझॉनने हैदराबादला आणि गूगलने दिल्लीला आणखी केंद्रे उघडली. आमचा सर्व्हर मात्र खरोखरच व्हर्जिनियात उभा केलेला होता. तेथे संदेश जाऊन परत यायला सुमारे २०० मिलिसेकंद लागतात, आणि ईआरपीचा एक स्क्रीन उघडताना अशा अनेक फेऱ्या होतात. कारखान्यातले कामगार जॉब कार्ड (कामाच्या सूचनांचा कागद) उघडण्यासाठी थांबून राहत होते आणि सल्लागार प्रत्येक वेळी आमच्या इंटरनेट जोडणीला दोष देत होता. त्याच्या सांगण्यावरून आम्ही जोडणीची गतीही वाढवून घेतली. शिवाय कंपन्यांच्या लेख्यांविषयीच्या नियमांत २०२२ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार हिशेबाच्या इलेक्ट्रॉनिक नोंदींचा बॅकअप भारतात असलेल्या सर्व्हरवर दररोज ठेवावा लागतो. या अटीचा अहवालात उल्लेखही नव्हता.

तक्त्यातून गाळलेल्या गोष्टींची यादी लांब आहे. विंडोज आणि एसक्यूएल सर्व्हर यांच्या परवान्याचा खर्च इतर दोन रकान्यांत धरलेला होता, सुचवलेल्या रकान्यात नव्हता. डेटाबेसच्या यंत्रावर हा परवाना मूळ यंत्रापेक्षाही महाग पडू शकतो. क्लाउडमध्ये डेटा आत जायला बहुधा पैसे लागत नाहीत, बाहेर यायला लागतात. आमची ड्रॉइंग रोज बाहेर उतरवून घेतली जातात, तरीही तो खर्च कोठे दाखवलेला नव्हता. डिस्कच्या प्रती, कंपनीकडून मिळणाऱ्या तांत्रिक साहाय्याची वर्गणी, १८ टक्के जीएसटी आणि डॉलरच्या दरातील चढउतार यांपैकी काहीही नव्हते.

एवढ्यावरच प्रकरण थांबले असते तर ती महागात पडलेली खरेदी ठरली असती. खरी फसवणूक आगाऊ रकमेत होती, आणि तिचा पहिला धागा आमच्या सीए साहेबांच्या हाती लागला. सल्लागाराच्या संस्थेचे बिल आमच्या जीएसटीआर-२बी मध्ये (पुरवठादारांनी दाखवलेल्या बिलांच्या जीएसटी पोर्टलवरील विवरणात) दिसत नव्हते. पुरवठादाराने आपल्या विवरणपत्रात बिल दाखवले नाही तर खरेदीदाराला इनपुट टॅक्स क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) घेता येत नाही, त्यामुळे त्यांनी विचारणा केली. पुढच्या महिन्यात भरतो, असे उत्तर सल्लागार देत राहिला. तेव्हा सीए साहेबांनी तीन वर्षांचे आरक्षण खरेदी केल्याचा पुरावा मागण्याचा आग्रह धरला. त्याने एक चित्र पाठवले. भाचीने पाहताक्षणी सांगितले की हे आरक्षणाच्या किमतीचे अंदाजपत्रक आहे, खरेदीची नोंद नाही. आरक्षण विकत घेतले असेल तर ते खात्यात सुरुवातीच्या आणि शेवटच्या तारखेसह स्वतंत्र नोंद म्हणून दिसते.

आरक्षण कधी घेतलेच गेले नव्हते. तिन्ही कंपन्या नवउद्योगांना प्रोत्साहन म्हणून काही रकमेचे क्रेडिट, म्हणजे तेवढ्या बिलाची माफी, देतात. सल्लागाराने आपल्या दुसऱ्या एका संस्थेच्या नावावर असे क्रेडिट मिळवले होते आणि आमची यंत्रे त्यावर, तासागणिक दराने चालवली होती. आमचे पैसे त्याने ठेवून घेतले. क्रेडिट संपले, बिल थकले, खाते निलंबित झाले आणि एका सकाळी कारखान्यात ईआरपी उघडेना. हा सगळा तपशील त्याने मध्यस्थीत स्वतःच्या लेखी उत्तरात मान्य केला आहे. क्रेडिट वापरणे ही आपली अंतर्गत बाब आहे, असा त्याचा बचाव आहे.

आम्ही क्लाउड कंपनीशी संपर्क साधला तेव्हा त्यांनी सौजन्याने, पण स्पष्टपणे सांगितले की खाते ज्याच्या नावावर आहे त्याच्याशिवाय ते कोणालाही प्रवेश देऊ शकत नाहीत. त्यांचे म्हणणे बरोबरच आहे. रूट खात्याचा (सर्वाधिकार असलेल्या मुख्य खात्याचा) ईमेल सल्लागाराचा, दुसऱ्या टप्प्याच्या ओळखीचा मोबाइल सल्लागाराचा आणि बिल त्याच्या संस्थेच्या नावे. खाते सोडवण्यासाठी त्याने आमच्याकडे हस्तांतर शुल्क मागितले. वकिलांची नोटीस गेल्यानंतर त्याने थकबाकी भरली आणि डेटाबेसची प्रत दिली, परंतु डिस्कच्या जुन्या प्रती तोवर पुसल्या गेल्या होत्या आणि ग्राहकांच्या ड्रॉइंगचा काही भाग परत मिळाला नाही. टॅलीचा डेटा वाचला, कारण आमच्या लेखापाल वहिनी रोज संध्याकाळी त्याची प्रत शहरातील कार्यालयात घेत असत.

आता यंत्रे आमच्या स्वतःच्या खात्यात आणि भारतातील केंद्रात आहेत. खात्याचा ईमेल कंपनीच्या डोमेनवरचा आहे आणि दुसऱ्या टप्प्याची ओळख दोन संचालकांकडे विभागलेली आहे. अझ्युर घेणाऱ्यांनी आपला स्वतंत्र टेनंट (कंपनीची अझ्युरमधील स्वतःची जागा) असल्याची आणि त्याचा ग्लोबल ॲडमिनिस्ट्रेटर, म्हणजे सर्वाधिकारी, आपला माणूस असल्याची खात्री करावी. गूगलमध्ये हीच खात्री ऑर्गनायझेशन (कंपनीच्या नावाचे मूळ खाते) आणि बिलिंग खात्याच्या बाबतीत करावी लागते. बिल थेट क्लाउड कंपनीच्या भारतीय संस्थेकडून रुपयांत, आमच्या जीएसटी क्रमांकासह येते आणि २बी मध्ये दिसते. रिसेलरमार्फत, म्हणजे क्लाउड सेवा पुढे विकणाऱ्या मध्यस्थ विक्रेत्यामार्फत, खरेदी करणे गैर नाही. कोल्हापुरात आणि पुण्यात प्रामाणिकपणे हे काम करणारे लोक आहेत आणि त्यांना कंपनीकडून मिळणाऱ्या सवलतीतला वाटा ते ग्राहकालाही देतात. मात्र आपण रिसेलर आहोत हे ते आधी सांगतात.

तुलना आम्ही नव्याने करून घेतली. तिन्ही कंपन्यांचे किंमत काढण्याचे कॅल्क्युलेटर सर्वांसाठी खुले आहेत आणि त्यातील अंदाजपत्रकाचा दुवा दुसऱ्याला पाठवता येतो, म्हणजे छापील तक्त्याऐवजी प्रत्येक आकडा स्वतः उघडून तपासता येतो. यंत्राचा वर्ग, केंद्र, कराराची मुदत, परवाने, बाहेर जाणारा डेटा आणि कर हे सर्व सारखे ठेवल्यावर तिन्ही खर्चांतील अंतर आम्हांला अपेक्षेपेक्षा पुष्कळच कमी आढळले. निवड शेवटी आमच्याकडे आधीपासून असलेल्या मायक्रोसॉफ्टच्या परवान्यांचा पुनर्वापर कोठे होतो आणि आमचा ईआरपीवाला कोणत्या प्लॅटफॉर्मवर साहाय्य देतो, या दोन मुद्द्यांवर झाली.

कायद्याच्या वाटेविषयी एक गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये व्यापारी हेतूने घेतलेली सेवा वगळलेली आहे, त्यामुळे आमच्या कंपनीला ग्राहक आयोगाकडे जाता आले नाही. रक्कम तीन लाखांपेक्षा अधिक असल्याने हा वाद वाणिज्य न्यायालयाच्या कक्षेत येतो, आणि तातडीचा मनाईहुकूम मागायचा नसेल तर दाव्याआधी मध्यस्थी करणे वाणिज्य न्यायालयांच्या कायद्याने बंधनकारक आहे. पोलिसांत फसवणुकीची तक्रार आम्ही वेगळी दिली आहे. मध्यस्थीत आमच्या वकिलांनी सर्वांत आधी दोन कागद पुढे ठेवले: कोणत्याही क्लाउड कंपनीशी आपला संबंध नाही असे सांगणारा त्याचा ईमेल, आणि लपवलेल्या रकान्यासह ती एक्सेल फाइल. त्यानंतर सल्लागाराने रकमेचा काही भाग हप्त्यांत परत करण्याची तयारी दाखवली आहे. आम्ही पूर्ण रक्कम आणि गमावलेले कराचे क्रेडिट मागितले आहे, आणि पुढील बैठकीत त्यावर निर्णय अपेक्षित आहे.