‘तुमच्या मुलाची निवड झाली आहे’ असे पत्र आले तर

जानेवारी 2022 मध्ये आमच्या न्यू जर्सीतील घरी एक जाडसर, गुळगुळीत कागदाचे पाकीट आले. त्यात मुलाचे पूर्ण नाव, शाळेचे नाव, त्याच्या जर्सीचा क्रमांक आणि ठळक अक्षरांत एक वाक्य होते : ‘कोचच्या शिफारशीवरून कॉलेज फुटबॉलसाठी तुमच्या मुलाची प्राथमिक निवड झाली आहे.’ पुढच्या पंधरा महिन्यांत त्या एका वाक्यापायी आमचे 3,050 डॉलर गेले आणि मुलाचा कॉलेजात खेळण्याचा हक्कही जवळजवळ गेला होता. पैशांचे दुःख एव्हाना निवळले आहे, परंतु दुसरी गोष्ट आठवली की आजही जीव घाबरा होतो, आणि मुख्यतः तिच्याचसाठी हे लिहीत आहे.

माझे माहेर कोल्हापूरचे. शाहू स्टेडियमवर पेठांचे आणि तालमींचे सामने पाहत मी वाढले, त्यामुळे फुटबॉल म्हणजे पायाने खेळायचा गोल चेंडूचा खेळ एवढेच मला ठाऊक होते. मुलगाही लहानपणी तोच खेळ खेळला. नववीत असताना त्याच्या पायातली ताकद पाहून शाळेच्या अमेरिकन फुटबॉल संघाच्या कोचने त्याला किकर म्हणून घेतले. हेल्मेट घातलेली मुले एकमेकांवर आदळत असताना आपल्या मुलाचे काम फक्त गोलखांबांमधून चेंडू मारण्याचे आहे, एवढ्यावर मला हायसे वाटले होते. या खेळाच्या जोरावर कॉलेजात प्रवेश मिळतो हे ऐकून होतो, मात्र तो कसा मिळतो याची आम्हा दोघांना काहीच कल्पना नव्हती, आणि नेमके हेच त्या पत्र पाठवणाऱ्यांना पक्के माहीत होते.

टर्नपाइक महामार्गाजवळच्या एका हॉटेलच्या सभागृहात शनिवारी सकाळी बैठक होती. आमच्यासारखी वीस-पंचवीस कुटुंबे आली होती आणि त्यांत भारतीय चेहरे बरेच होते. स्वतः कॉलेजात खेळल्याचे सांगणाऱ्या एका गृहस्थांनी तासभर पडद्यावर चित्रे दाखवली आणि मग प्रत्येक कुटुंबाला वेगळ्या टेबलावर बसवले. मुलाचे मूल्यमापन म्हणून त्याची उंची, वजन आणि गुण विचारून एका तक्त्यात भरले गेले. चेंडूला मात्र कोणी हातसुद्धा लावला नाही. न्यू जर्सीतून यंदा आम्ही दोनच किकर घेणार आहोत आणि त्यांतली एक जागा सकाळीच गेली, असे सांगून कागद पुढे करण्यात आला. त्यांनी उदाहरणादाखल पेनसिल्व्हेनियातील एका लहान कॉलेजचे नाव घेतले आणि तिथे आमच्या मुलाला फुटबॉलची पूर्ण शिष्यवृत्ती मिळवून देऊ, असे सांगितले. ते कॉलेज एनसीएएच्या, म्हणजे कॉलेजांतील खेळांचे नियम ठरवणाऱ्या संघटनेच्या, तिसऱ्या श्रेणीतले होते, आणि तिसऱ्या श्रेणीत खेळासाठी शिष्यवृत्ती दिलीच जात नाही. ही एक गोष्ट आम्हाला ठाऊक असती, तर आम्ही त्याच क्षणी उठलो असतो. प्रसिद्ध आयव्ही लीगची आठ कॉलेजे पहिल्या श्रेणीत खेळतात, तरी तीही खेळाची शिष्यवृत्ती देत नाहीत. त्या काळी पहिल्या श्रेणीच्या वरच्या गटातील संघाला 85, त्याखालच्या गटाला 63 आणि दुसऱ्या श्रेणीला 36 शिष्यवृत्त्यांची मर्यादा होती. शिवाय एका संघाला किकर लागतात ते दोन-तीनच. शाळेत फुटबॉल खेळणारी मुले देशभरात दहा लाखांच्या आसपास आहेत आणि त्यांतील शंभरात सातच्या आसपास मुले कॉलेजात खेळतात. हे आकडे कुठेही सहज मिळतात. आम्ही ते पाहिले नाहीत, कारण आमची वाढ चांगला क्लास लावला की पोराचे भले होते या समजुतीत झाली होती.

त्या दिवशी 1,200 डॉलर कार्डाने भरले आणि 700 डॉलरचे तीन हप्ते ठरले. अमेरिकेत हॉटेलसारख्या तात्पुरत्या जागी झालेली 130 डॉलर किंवा त्याहून अधिक रकमेची विक्री ग्राहकाला कामकाजाच्या तीन दिवसांत कारण न देता रद्द करता येते, असा केंद्रीय नियम आहे. विक्रेत्याने हा हक्क तोंडी सांगायचा असतो आणि रद्द करण्याच्या अर्जाच्या दोन प्रतीही हातात द्यायच्या असतात. आम्हाला ना कोणी सांगितले, ना अर्ज दिला. सोमवारी माझ्या पतींच्या मनात शंका आली होती, पण सही झाली आहे, आता काय करणार, असे म्हणून आम्ही गप्प बसलो. मुदत संपायला त्या वेळी दोन दिवस बाकी होते.

पुढचे वर्षभर दर महिन्याला एक रंगीत अहवाल यायचा. ‘या महिन्यात 63 कॉलेजांनी तुमच्या मुलाची चित्रफीत पाहिली’ असे त्यात लिहिलेले असे आणि मुलगा तो कागद आपल्या टेबलासमोर चिकटवत असे. चित्रफीत हडल या संकेतस्थळावर होती. जवळजवळ सगळ्या शाळांचे संघ तेच वापरतात आणि चित्रफीत किती वेळा पाहिली गेली याचा आकडा तिथेच दिसतो. एका रात्री मी तो पाहिला. सगळा काळ मिळून 41. त्यांतले निम्मे आमच्या घरातले आणि कोल्हापूरच्या आजी-आजोबांचे असणार, कारण बाबा रोज सकाळी चहाबरोबर नातवाचे किक बघायचे. मी फोन केला तेव्हा ‘आमची मोजण्याची पद्धत वेगळी आहे’ एवढेच उत्तर मिळाले.

त्या काळात काही कॉलेजांची पत्रे खरोखर आली आणि आम्ही हुरळून गेलो. ती सगळी उन्हाळी कॅम्पची निमंत्रणे होती. कॉलेजचा कोच मुलाशी वैयक्तिक संपर्क कधीपासून साधू शकतो याला इयत्तेनुसार नियम आहेत, पण कॅम्पची पत्रके आणि प्रश्नावल्या कोणालाही, कधीही पाठवता येतात. त्यांवरून कोच मुलात रस घेत आहे असे समजू नये. कंपनीने मात्र ती पत्रे ‘तुमच्या मुलात रस असलेली कॉलेजे’ या मथळ्याखाली आमच्या पुढ्यात ठेवली. मार्च 2023 मध्ये, एनसीएएच्या पात्रतेसाठी एसएटी ही कॉलेज प्रवेशाची परीक्षा सक्तीची आहे असे सांगून, तिच्या तयारीचे आणखी 450 डॉलर घेतले गेले. एनसीएएने ती अट त्याच वर्षी जानेवारीत काढून टाकली होती. जी अट खरोखर आहे, म्हणजे शाळेत ठरावीक 16 मूलभूत विषय पूर्ण करण्याची, तिच्याबद्दल त्यांनी एकदाही विचारले नाही. मुलाने घेतलेला एक विषय त्या यादीत बसत नव्हता. ही चूक शाळेच्या समुपदेशक बाईंनी एक पैसा न घेता दाखवली आणि वेळेत दुरुस्तही करून दिली.

एप्रिलमध्ये मी करार घेऊन शाळेच्या कोचकडे गेले. आधी मी विचारले, मुलाचे नाव तुम्ही सुचवले होते का? त्यांनी कोणालाही कोणाचे नाव दिले नव्हते. मग ते एकेक पान वाचू लागले आणि चौथ्या पानावर थांबले. त्यांनी एका कलमावर बोट ठेवले आणि बराच वेळ ते तिथून हलवले नाही. मुलाला जी शिष्यवृत्ती मिळेल तिचे दर वर्षी दहा टक्के कुटुंबाने कंपनीला द्यावेत, असे ते कलम होते. आमचे यश तेच त्यांचे यश, असे म्हणून बैठकीत त्याची तारीफही झाली होती. एनसीएएच्या नियमांनुसार खेळाडूची चित्रफीत, गुण आणि माहिती कॉलेजांना पोचवण्यासाठी एखाद्या सेवेला ठरावीक शुल्क देता येते. पण ते शुल्क त्याला कॉलेजात जागा किंवा आर्थिक साहाय्य मिळण्यावर अवलंबून असता कामा नये. तसे असेल तर ती सेवा त्याची एजंट ठरू शकते आणि त्याची पात्रता जाऊ शकते. ज्यांना आम्ही मुलाला कॉलेजात पोचवण्यासाठी पैसे देत होतो, त्यांच्याच कागदावरच्या आमच्या सह्यांमुळे कॉलेजचे दार त्याच्यासाठी बंद होण्याची वेळ आली होती.

शाळेच्या क्रीडा संचालकांनी त्याच दिवशी करार रद्द करत असल्याचे पत्र तयार करून दिले. शेवटचा हप्ता आम्ही कार्ड कंपनीला कळवून थांबवला. आधीच्या रकमांसाठी उशीर झाला होता, कारण कार्डावरील रकमेबद्दल लेखी हरकत घ्यायला बिलापासून 60 दिवसच मिळतात. पाच आठवड्यांनी करार संपल्याची एका ओळीची ईमेल आली. तोवर रोज रात्री मुलगा, काही उत्तर आले का, एवढेच विचारायचा आणि खोलीत जायचा. पुढे ज्या कॉलेजांशी बोलणी झाली, त्यांच्या नियमपालन अधिकाऱ्यांना आम्ही करार आणि तो संपल्याची ईमेल, दोन्ही स्वतःहून दाखवले. टक्केवारीने एक डॉलरही दिलेला नव्हता, म्हणून अडथळा आला नाही.

कोचने त्याच भेटीत मुलाची चित्रफीतही पाहिली. शाळेच्या सामन्यात गोलसाठी मारताना चेंडूखाली दोन इंच उंचीचा ठोकळा ठेवायला परवानगी असते, मात्र कॉलेजात 1989 पासून चेंडू जमिनीवरूनच मारावा लागतो. शाळेच्या गोलखांबांमधले अंतर 23 फूट 4 इंच, तर कॉलेजच्या 18 फूट 6 इंच असते. आमच्या 3,050 डॉलरच्या चित्रफितीतला प्रत्येक किक ठोकळ्यावरून मारलेला होता. तिच्यावरून कॉलेजच्या कोचला काहीच ठरवता येणार नाही, हे किकर ओळखणाऱ्या कोणालाही पहिल्या मिनिटात कळले असते.

त्या उन्हाळ्यात माझे पती मैदानावर तिवईवर फोन लावून उभे राहत आणि मुलगा जमिनीवरून किक मारत असे. सुरुवातीला चेंडू इतके खाली राहत की त्याच्या डोळ्यांत पाणी यायचे. ऑगस्टपर्यंत ते चढू लागले. कॉलेजांच्या संकेतस्थळांवर किकरांचे काम पाहणाऱ्या कोचचे ईमेल पत्ते उघडच असतात. मुलाने स्वतःच्या शब्दांत 38 जणांना लिहिले, सोबत दोन मिनिटांची न कापलेली चित्रफीत, गुणपत्रिका आणि शाळेच्या कोचचा फोन क्रमांक दिला. नऊ उत्तरे आली. त्यांतल्या दोन कॉलेजांच्या कॅम्पला तो गेला आणि आज तिसऱ्या श्रेणीतल्या एका कॉलेजात खेळतो. त्याला तिथे गुणांवर आणि घरच्या उत्पन्नावर आधारित मदत मिळाली आहे, खेळाची नव्हे.

राज्याच्या ग्राहक विभागाकडे आणि केंद्रीय व्यापार आयोगाकडे आम्ही तक्रार केली आहे. आयोग एकट्यादुकट्याचे पैसे मिळवून देत नाही, पण तक्रारी साठल्या तर कारवाईला आधार होतो, म्हणून ज्यांची अशी फसवणूक झाली असेल त्यांनी संकोच न करता ती नोंदवावी.

गेल्या आठवड्यात आमच्या गल्लीतील एक मराठी कुटुंब तसेच पाकीट घेऊन आले. त्यांचा मुलगा नववीत आहे. मी आमचे पत्र काढून शेजारी ठेवले. नाव आणि जर्सीचा क्रमांक सोडला तर एक शब्दही वेगळा नव्हता, आणि शाळेच्या कोचला विचारले तर त्यांनी याही मुलाचे नाव कोणाला दिलेले नाही. बैठक येत्या शनिवारी त्याच हॉटेलात आहे. त्या मुलाच्या आईला मी सांगितले आहे की आधी पूर्ण करार घरी मागवून घ्या, आणि चौथे पान आपण दोघी मिळून वाचू.