'धोका सापडला' म्हणणारं पान आणि काकांची फसवणूक

माझे काका निवृत्त हिशेबनीस, पै-पैची नोंद ठेवणारे. त्यांना अँटिव्हायरसच्या नावाखाली गंडवलं, हे घरात आधी कुणाला पटेचना. भोळी माणसंच फसतात हा समज सोडा. समोरच्याची तालीम पक्की असते.

काका घरच्या कॉम्प्युटरसाठी अँटिव्हायरस शोधत होते. निकालात सगळ्यात वर जाहिरात होती, तीच त्यांनी उघडली. पडदाभर लाल पान, कर्कश भोंगा, 'स्कॅन' चालू, धोक्यांचा आकडा वाढतोय आणि खाली फोन नंबर. पहिली थाप इथेच. वेबपान ब्राउझरच्या आत कोंडलेलं असतं. तुमची डिस्क ते तपासूच शकत नाही. तो धावता आकडा निव्वळ चित्र. पान हटत नसेल तर एस्केप दाबून धरा, नाहीतर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजरमधून ब्राउझरच बंद करा. नंतर तो जुनी पानं परत आणू का विचारेल, तेव्हा नाही म्हणा.

काकांनी नंबर लावला. पलीकडचा माणूस अतिशय नम्र. दुरून कॉम्प्युटर चालवण्याचं सॉफ्टवेअर त्याने टाकायला लावलं आणि इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची आपोआप भरणारी नोंदवही, उघडला. "हे बघा सर, सगळे हल्ले!" त्या नोंदवहीत ठणठणीत मशीनवरही लाल-पिवळ्या खुणांची रांग असते, एखादी सेवा उशिरा सुरू झाली तरी नोंद पडते. मग त्याने बंद असलेल्या सर्व्हिसेस, म्हणजे पडद्यामागे चालणारे छोटे प्रोग्राम, दाखवल्या आणि त्या हॅकरने पाडल्याचं सांगितलं. गरज लागेल तेव्हाच सुरू व्हायच्या अशा कितीतरी सर्व्हिसेस विंडोजमध्ये असतात.

पण खरा राग मला पुढच्या गोष्टीचा येतो. "विंडोजची फायरवॉल जुनी झाली, आमची चालण्यासाठी ती बंद करावी लागेल," म्हणत त्याने फायरवॉल आणि डिफेंडर, म्हणजे विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस, दोन्ही बंद करवले. ही फायरवॉल, म्हणजे नेटवरून येणारे नको ते संपर्क अडवणारी भिंत, २००४ च्या विंडोज एक्सपी सर्व्हिस पॅक २ या अपडेटपासून आपोआप चालू असते. २०१२ च्या विंडोज ८ पासून अँटिव्हायरसही आतच येतो. म्हणजे काका जे विकत घ्यायला निघाले होते ते त्यांच्याकडे होतंच, आणि तेच काढून घेऊन त्याने 'आजीवन संरक्षण' विकलं! खरा दुसरा अँटिव्हायरस टाकला की डिफेंडर स्वतःहून बाजूला होतो, फोनवरून कुणी तो बंद करायला सांगत नाही.

त्याने विकलेलं ते 'संरक्षण' मी नव्याने विंडोज टाकलेल्या, इंटरनेट तोडलेल्या जुन्या लॅपटॉपवर चालवून पाहिलं. तिथेही ढीगभर धोके सापडले! मग आयकार ही ६८ अक्षरांची निरुपद्रवी चाचणी-फाइल ठेवली, जी अँटिव्हायरसने ओळखावी म्हणूनच बनवलेली आहे. त्यावर मात्र चकार शब्द नाही.

हा धंदा जुना आहे. विनफिक्सर, एक्सपी अँटिव्हायरस अशा नावांनी हेच चालायचं. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २००८ मध्ये त्यामागच्या टोळीवर खटला भरला आणि २०१२ मध्ये न्यायालयाने १६ कोटी ३० लाख डॉलरहून अधिक रकमेचा निकाल दिला.

काही दिवसांनी काकांना पुन्हा फोन: कंपनी बंद होतेय, पैसे परत करतो. दुरून चालवण्याचं सॉफ्टवेअर अजून तसंच होतं. बँकेच्या पानावरचे आकडे पडद्यावर बदलून "चुकून जास्त गेले, वरचे पाठवा" अशी गळ घातली. इथे हिशेबनीस जागा झाला. काकांनी खातं मोबाइलवर उघडलं, तर जमा काहीच नव्हतं. फोन ठेवला.

त्यानंतर नेट तोडलं, दुसऱ्या उपकरणावरून पासवर्ड बदलले, बँकेला कळवून कार्ड बंद केलं, डिस्क पुसून विंडोज नव्याने टाकलं. आता डिफेंडर आणि फायरवॉल चालू आहेत, अपडेट वेळेवर होतात. काकांच्या कामाला तेवढं पुरतं. तुम्हाला वेगळा अँटिव्हायरस हवाच असेल तर एव्ही-टेस्ट किंवा एव्ही-कम्पॅरेटिव्हज या स्वतंत्र प्रयोगशाळांचे निकाल पाहा, आणि जाहिरातीवरून न जाता कंपनीचा पत्ता स्वतः टाइप करा. एकावेळी एकच ठेवा. दोन एकमेकांच्या पायात येतात.

आणि कोपऱ्यात 'तुमचं संरक्षण संपलं' अशा खिडक्या उगवत असतील तर ब्राउझरच्या सेटिंगमध्ये नोटिफिकेशनची परवानगी कुणाकुणाला दिलीय ते बघा. बहुतेक वेळा तो व्हायरस नसतो, एखाद्या साइटवर कधीतरी दाबलेलं 'अलाउ' असतं.