रेडमी नोट ४: पिठाच्या हातात आठ वर्षं

हा फोन मी २०१७ च्या पाडव्याला वापरायला काढला. ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा, १२,९९९ रुपये. तेव्हा तो ऑनलाइन ठरलेल्या दिवशी दुपारी बारा वाजता विक्रीला यायचा आणि बघता बघता संपायचा. माझा लेक तेव्हा दहावीची परीक्षा देऊन मोकळा झाला होता. दोनदा हुकला, तिसऱ्यांदा त्याने मिळवला. लेकाचे स्वतःचे तेव्हापासून चार फोन झाले. माझा तोच आहे.

डोंबिवली पूर्वेला माझं पोळी-भाजी केंद्र आहे. दहा बाय बाराची जागा, दोन शेगड्या, मदतीला दोघी जणी. २०२० च्या लॉकडाउनमध्ये घरातून डबे द्यायला लागले, त्यातून हे उभं राहिलं. सगळ्या ऑर्डरी व्हॉट्सॅपवर येतात. म्हणजे हा फोन दिवसभर कणीक, तेल आणि वाफ यांच्यात असतो. एवढं सांगितलं म्हणजे पुढचं कळेल.

आधी फोनचं कौतुक. मागची बाजू धातूची आहे, त्यामुळे ओट्यावरून दोन-तीनदा पडून पोचे आले, फुटला नाही. आतली चिप स्नॅपड्रॅगन ६२५. लेक म्हणतो ती कधीच फार वेगवान नव्हती, पण वीज कमी खाते आणि तापत नाही. मला वेग कुठे हवाय? मला सकाळी सहाला चार्जिंगवरून काढलेला फोन रात्रीचा शेवटचा डबा जाईपर्यंत टिकायला हवा. ४१०० एमएएचच्या बॅटरीवर तो टिकतो. डोक्यावर रिमोटचा बारीक डोळा आहे, त्यावर घरचा टीव्ही चालतो. इयरफोनचं भोक आहे, वायर लावली की एफएम लागतं, नेट लागत नाही. पोळ्या लाटताना याचं सुख काय असतं ते लाटणारीलाच ठाऊक. बोटाचा ठसा मागच्या बाजूला आहे. पिठाच्या बोटाला तो ओळखत नाही, म्हणून मी डाव्या हाताची करंगळी नोंदवून ठेवलीय. लाटताना सगळ्यात कोरडी तीच राहते.

आता दुखणी. ती फोनची कमी आणि माझी जास्त.

पहिलं दुखणं चार्जिंगच्या भोकाचं. जुन्या पद्धतीची मायक्रो यूएसबी पिन आहे, आणि त्यात पीठ जातं. पीठ, त्यावर तेलाचा हात, वर पावसाळी दमट हवा, की आत चक्क लगदा होतो. पहिल्यांदा मी तो टाचणीने कोरला आणि आतली पट्टी वाकवून ठेवली. गल्लीतल्या रिपेअरवाल्या मुलाने उघडून दाखवलं तेव्हा कळलं की हे भोक मुख्य बोर्डावर नसतं, खाली वेगळा छोटा बोर्ड असतो. ते लोक त्याला सब-बोर्ड म्हणतात. तो बदलला की काम झालं, अडीचशे रुपये. असा दोनदा बदललाय. त्यानंतर मी चुंबकाची पिन असलेली केबल घेतली. तिचं टोक भोकात कायमचं बसवून ठेवायचं आणि वायर नुसती जवळ नेली की चिकटते. चार्जिंग थोडं हळू होतं, पण पीठ आत जायची वाटच बंद झाली आणि रोजचं खुपसणंही थांबलं. तीन वर्षांत त्या बाजूला पाहावं लागलेलं नाही.

दुसरं दुखणं बॅटरीचं, आणि हे जरा सविस्तर सांगते, कारण यातच बहुतेकांचे फोन जातात.

पहिली बॅटरी २०२१ च्या पावसाळ्यानंतर दुपारीच मान टाकायला लागली. त्यात नवल नाही, चार वर्षं झाली होती. शिवाय मी फोन चार्जिंगला लावायचे तो शेगडीपासून हातभर अंतरावर, कारण प्लग तिथेच होता. उष्णतेने या बॅटऱ्या लवकर म्हाताऱ्या होतात हे मला कोण सांगणार! स्टेशनजवळच्या एका दुकानात गेले. "ओरिजनल टाकतो" म्हणाला, साडेतीनशे रुपये घेतले, दहा मिनिटांत फोन हातात. बिल मागितलं तर हसला.

पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये काचेची एक कड वर आल्यासारखी दिसायला लागली. मला वाटलं टेम्पर्ड ग्लास सुटली, म्हणून मी ती अंगठ्याने दाबून दाबून बसवत होते. आता आठवलं तरी अंगावर काटा येतो. काच सुटलेली नव्हती, आतली बॅटरी फुगली होती आणि स्क्रीनला ढकलत होती. गणपती ३१ ऑगस्टला होते, म्हणजे जेमतेम दोन आठवडे हातात, आणि अकराशे उकडीच्या मोदकांच्या ऑर्डरी या एका फोनमध्ये. बॅकअप म्हणाल तर नव्हता. लेकाने फोन बंद करायला लावला, स्टीलच्या ताटलीत घालून गॅलरीत फरशीवर ठेवला आणि म्हणाला, "आई, आता दाबू नकोस, टोचू नकोस, चार्जिंगला तर लावूच नकोस." आमचे हे म्हणाले, "एवढं काय त्यात, नवीन घेऊ." त्यांना अकराशे मोदकांचं काय!

तो उघडून दिला त्याच गल्लीतल्या मुलाने. बाहेर काढलेल्या बॅटरीवर नाव नव्हतं, तारीख नव्हती. मग त्याने मला नीट समजावलं. नोट ४ या नावाचे दोन फोन निघाले होते. चीनमध्ये आधी आला तो मीडियाटेक चिपचा, आणि आपल्याकडे विकला गेला तो स्नॅपड्रॅगनचा. दोघांच्या बॅटऱ्या वेगळ्या: त्याची बीएन-४१, आपली बीएन-४३. त्यामुळे नुसतं "नोट ४ ची द्या" म्हणायचं नाही, नंबर सांगून मागायची. त्याच्याकडे नव्हती, दुसऱ्या दिवशी मागवून दिली. साडेआठशे रुपये, सहा महिन्यांची हमी बिलावर लिहून, आणि माझ्यासमोर बसवली. फुगलेली बॅटरी त्याने वेगळ्या डब्यात टाकली, ई-कचऱ्यात द्यायला. कचऱ्याच्या पिशवीत टाकायची नसते, गाडीत चेपली तर पेट घेऊ शकते.

जाताना त्याने विचारलं, "काकू, चार्जिंगला कुठे लावता?" मी सांगितल्यावर म्हणाला, "मग तुम्ही चार्ज नाही करत, भाजताय."

तेव्हापासून दुपारी तीन ते साडेचार, शेगड्या बंद असताना, आतल्या खोलीत खिडकीशी लावते. शंभर टक्के होण्याची वाट बघत नाही, पंच्याऐंशीच्या आसपास काढते, आणि अगदी तळाला जाऊ देत नाही. ती बॅटरी आजही रात्री नऊपर्यंत चालते.

स्क्रीन एकदा फुटली होती, २०१९ मध्ये. दुकानात तिला फोल्डर म्हणतात हे तेव्हा कळलं. बदलली, विषय संपला.

फोनचं खरं वय दाखवतं ते सॉफ्टवेअर. हा अँड्रॉइड ७ वर थांबलेला आहे. क्रोम ब्राउझरची अँड्रॉइड ७ साठी शेवटची आवृत्ती ११९ वी होती, २०२३ ची. त्यानंतर सुरक्षेची नवी ठिगळं येत नाहीत. म्हणून मी एक ठरवलं: या फोनवर पैसा नाही. बँकेचं ॲप काढलं, यूपीआय काढलं, ते यांच्या फोनवर नेलं. गिऱ्हाईक भिंतीवरचा क्यूआर स्कॅन करतं, डबी मोठ्याने रक्कम ओरडते, मला फोन बघावा लागत नाही. अनोळखी लिंक तर मी उघडतच नाही. व्हॉट्सॅपला अँड्रॉइड इतकं जुनं असलेलं चालतं, आणि माझ्या धंद्याला व्हॉट्सॅप, कॅमेरा आणि घड्याळ पुरतं. ज्यांना एकाच फोनवर सगळं करायचंय त्यांनी माझ्यासारखं करू नये, हे मात्र स्पष्ट सांगते.

लेकाच्या डोक्यात आहे की यावर लिनिएज ओएस टाकायचं, म्हणजे कंपनीबाहेरच्या लोकांनी जुन्या फोनसाठीही बनवलेलं, फुकट मिळणारं नवीन अँड्रॉइड. त्याचं म्हणणं चूक नाही. पण त्यासाठी आधी फोन पूर्ण पुसावा लागतो. श्रावण ते दिवाळी मी फोनला हात लावू देत नाही, आणि दिवाळीनंतर लग्नसराई लागते. त्याला मे महिन्याची तारीख दिली होती. मेमध्ये कुरडया-पापडाच्या ऑर्डरी असतात हे मी विसरले होते.

बाकी किरकोळ. फाइव्ह-जी नाही. कॅमेरा दिवसा फळ्यावरचा मेनू स्वच्छ काढतो, ट्यूबलाइटखाली वांग्याचं भरीत मात्र चिखलासारखं दिसतं, म्हणून भरीत असेल तर फोटो सकाळीच काढते. सुप्रभातच्या फुलांनी जागा भरायची, ती आपोआप डाउनलोड होणं बंद केल्यावर फोन पुन्हा हलका झाला. दोन सिम किंवा एक सिम आणि कार्ड, अशी ट्रे आहे. मी कार्ड घातलंय, आणि आता दर रविवारी ऑर्डरींचा बॅकअप घेते.

आज कुणी हा जुना फोन विकत घ्यावा का? मुळीच नाही. नवीन घेणार असाल तर सॉफ्टवेअर किती वर्षं मिळणार ते आधी विचारा. २०२३ च्या पिक्सेल ८ पासून आणि २०२४ च्या गॅलेक्सी एस २४ पासून सात वर्षांचं वचन देणारे फोन निघालेत. महाग आहेत, पण मागच्या वेळी लेकाला तेच सांगितलं. त्याने रंग बघून घेतला.

परवा सहज त्या मुलाकडे डोकावले, आणखी एक बीएन-४३ घेऊन ठेवावी म्हणून. त्याने दिली नाही. पडून राहिली तरी ती म्हातारी होते म्हणे. "लागेल तेव्हा या काकू, अजून मिळतायत." मग त्याने चहा सांगितला, आणि जाताना मी त्याचे उद्याचे दोन डबे लिहून घेतले.