पहिला एफपीजीए कुठला घ्यावा? तीन बोर्ड, एकच प्रोसेसर

डिप्लोमाच्या पोरांना मी डिजिटल शिकवतो. दर वर्षी हमखास कोणीतरी विचारतं, "सर, स्वस्तातला एफपीजीए कुठला घेऊ?" (एफपीजीए म्हणजे आतलं सर्किट आपल्याला हवं तसं रचता येणारी चिप.) या सुट्टीत पिकोआरव्ही३२ हा छोटा रिस्क-फाइव्ह प्रोसेसर आणि त्याला एक यूआर्ट (डेटा एकेक बिट करून पाठवणारं सर्किट), एवढंच डिझाइन तीन बोर्डांवर चढवून पाहिलं: लॅटिसचा आइस४० यूपी५के, गोविन जीडब्ल्यू१एनआर-९ असलेला टँग नॅनो ९के, आणि अल्टेराचा जुना सायक्लोन-४ ईपी४सीई६.

एलयूटी (लुकअप टेबल, म्हणजे एफपीजीएमधल्या लॉजिकच्या विटा) अनुक्रमे ५,२८०, ८,६४० आणि ६,२७२. तिन्हींत चार इनपुटच्या, त्यामुळे तुलना सरळ करता येते. (स्पार्टन-७ मध्ये सहा इनपुटच्या असतात, ते आकडे यांच्या शेजारी मांडू नका.) प्रोसेसर तिन्हींत बसतो. गाडी अडते ती मेमरीपाशी. सायक्लोनमध्ये एम९के नावाचे ९ किलोबिटचे ३० मेमरी ब्लॉक, म्हणजे सगळे मिळून २७० किलोबिट (जेमतेम ३४ किलोबाइट). यूपी५केमध्ये मात्र १२८ किलोबाइट सिंगल-पोर्ट रॅम वेगळी दिली आहे, आणि तीच मला या चिपची सगळ्यात मोठी देणगी वाटते. फक्त चिप सुरू होताना तिच्यात आधीपासून काही भरलेलं नसतं. प्रोग्रॅम बाहेरून, जसं एसपीआय फ्लॅशमधून (वीज गेली तरी टिकणारी मेमरी), आणावा लागतो. वेगही बेताचा. मी १२ मेगाहर्ट्झवर चालवला, शिकायला तेवढा पुरतो.

पहिला बोर्ड म्हणून मी हाच सुचवतो, तो योसिस आणि नेक्स्टपीएनआर या मोफत, खुल्या डिझाइन-साधनांमुळे. २०१५ साली आइसस्टॉर्म प्रकल्पवाल्यांनी आइस४०चा बिटस्ट्रीम (चिपमध्ये भरायची डिझाइनची फाइल) उलगडला, आणि तेव्हापासून ४ जीबी रॅमच्या लॅपटॉपवरही काम होतं. कित्येक जीबी उतरवायचे नाहीत, लायसन्स फाइल नाही. ज्या घरात इंटरनेट म्हणजे मोबाइलचा हॉटस्पॉट, तिथे याची किंमत कळते.

चित्र दाखवायचं असेल तर टँग नॅनो घ्या. एचडीएमआयचं सॉकेट आहे, ६४ मेगाबिट पीएसरॅम (जादा रॅम) चिपच्याच पॅकेजमध्ये, आणि डिझाइन चिपच्या आतल्या फ्लॅशमध्ये टिकतं. मात्र एलईडी असलेली बँक ३ (पिनांचा एक गट) ही १.८ व्होल्टवर चालते. तिथे ३.३ व्होल्टचा सेन्सर जोडू नका.

सायक्लोन मी अजून कपाटात टाकलेला नाही, सिग्नल टॅपसाठी (चालू चिपच्या आतले सिग्नल टिपून दाखवणारी सोय). गेल्या वर्षी एका मुलीचा यूआर्ट अधूनमधून चुकीचं अक्षर पाठवायचा. तिने आतले सिग्नल लावले, ट्रिगर दिला, आणि दहा मिनिटांत सापडलं: बॉड काउंटर (बिट पाठवायचा वेग मोजणारा) एक क्लॉक उशिरा शून्य होत होता.