मिस्त्रीनं केलेला व्हिडिओ गेमचा डब्बा

गव्हाले रात्री दोनची लाईट असली का म्या मोटरीजवळ हाच डब्बा घेऊन बसतो. जुन्या कॅसेटवाल्या गेमचा बोर्ड, कारच्या रिव्हर्स कॅमेऱ्याची ४.३ इंची स्क्रीन, १८६५० नंबरचे तीन लिथियम सेल, प्लायवूडची पेटी. तालुक्याच्या टीव्ही मिस्त्रीनं २,२०० रुपयात करून देल्ला. ५ व्होल्ट काढणारी ७८०५ आयसी अशी तापते, का थंडीत बोटं शेकून घ्या! सेल दोन तासात बसतात.

पोट्ट्याचा इम्युलेटरवाला हँडहेल्ड, म्हंजे जुने गेम सॉफ्टवेअरवर चालवणारा हातातला डब्बा, खिशात मावते, टाईप-सीवर चार्ज होते. पण तो कॉन्ट्रा गेमात दर पावलाले सेव्ह करते, मेला का मांगं. थे काय खेळणं हाय? माह्यावाल्यात जीव अन् कंटिन्यू संपले का पहिल्यापासून. बटनं मात्र जुन्या रिमोटच्या रबराची लावली, दाबून दाबून अंगठा दुखते. मिस्त्री म्हणते, "कापूस विकला का या, बदलून देतो."