दोन आठवडे की अख्खं वर्ष?

नववीतल्या मुलीच्या शाळेने जर्मनीतल्या भागीदार शाळेच्या भेटीचं पत्रक हातात दिलंय, आणि ओळखीतले रोटरीवाले काका म्हणतात, "घाई कशाला? दहावी झाली की वर्षभरासाठी पाठवा." दोन्हीला आपण 'एक्स्चेंज'च म्हणतो, पण दोन्हींत फरक बराच आहे.

शाळा-शाळांमधली देवघेव दोन-तीन आठवड्यांची. सोबत शिक्षक, वर्गातल्या मैत्रिणी आणि ९० दिवसांच्या आतला शेंगेन व्हिसा (जर्मनीसह युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणारा). जर्मन फारशी सुधारत नाही हे आधीच सांगते. मुलं आपसात मराठीच बोलत बसतात. खरी गंमत उलट्या फेरीत असते. तिकडचं मूल तुमच्या घरी राहायला येतं! आमच्याकडे आलेला मुलगा पहिल्या रात्री नऊ वाजता गरम पोळ्या पाहून गांगरला होता. त्याच्या घरी संध्याकाळी पाव, चीज नि काकडी खाल्ली की जेवण झालं. आमचा मुलगा तिकडे गेला तेव्हा तिसऱ्याच दिवशी त्याचा फोन: "आई, इथे भात कधी करतात?" दोघांनाही एकमेकांची फजिती माहीत होती, म्हणून दोस्ती टिकली. पण पाहुण्याला शांत कोपरा, बिनतिखट भाजी आणि सुट्टीच्या दिवशी हिंडायला सोबत द्यावी लागते. ते जमणार नसेल तर नाव देऊ नका.

वर्षाच्या कार्यक्रमात मूल एकटं जातं. रोटरीचा कार्यक्रम १५ ते १९ वयाचा. राहणं-जेवण यजमान कुटुंबांकडे, आणि बहुधा वर्षभरात घर एकदा तरी बदलतं. विमानभाडं आणि विमा आपला. गाडी चालवायची नाही, दारू-अमली पदार्थ नाहीत, प्रेमप्रकरणही नाही; हे नियम मुलापेक्षा पालकांनी आधी वाचावेत. असेच कार्यक्रम चालवणारी दुसरी संस्था एएफएस. तिचं मूळ पहिल्या महायुद्धातल्या रुग्णवाहिका चालवणाऱ्या स्वयंसेवकांत, विद्यार्थ्यांची देवाणघेवाण १९४७ पासूनची. खर्च झेपत नसेल तर अमेरिकी सरकारची 'यस' शिष्यवृत्ती पाहा. तीत भारत आहे, पण निवड चुरशीची. वर्षभरात भाषा नक्की येते. एकटेपणाही येतो, आणि तो व्हिडिओ कॉलने जात नाही, कधीकधी वाढतोच.

आपल्याकडची खरी अडचण अकरावी. प्रवेश वर्षभर पुढे जाईल असं धरूनच चाला, आणि परतल्यावर कुठे बसवणार ते कॉलेजकडून लेखी घ्या. जेईई-नीटचा क्लास आधीच लावला असेल तर हा बेत सोडा.

माझ्या मते नववीतल्या मुलीला आत्ता शाळेबरोबर जाऊ द्यावं. पत्रकावर सही करण्याआधी शाळेला दोनच गोष्टी विचारा: तिकडच्या यजमान घरांची पडताळणी कोणी केली, आणि मुलीचं त्या घरात पटलं नाही तर त्याच रात्री तिला दुसरीकडे कोण हलवणार?